सुनील छेत्री : ९५ गोलांची कारकीर्द आणि अद्याप न भरलेली जागा

भारतीय फुटबॉल संघाचे माजी कर्णधार आणि देशातर्फे सर्वाधिक गोल नोंदविणारे आघाडीपटू सुनील छेत्री यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा दुसऱ्यांदा निरोप घेतला. त्याआधी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी गोव्यात मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असे पराभूत केले होते आणि २०२७ च्या आशियाई चषक स्पर्धेत प्रवेश मिळविण्याची भारताची आशा मावळली होती. छेत्री त्या वेळी ४१ वर्षांचे होते. वयाच्या या टप्प्यावरील खेळाडूला पुन्हा बोलावूनही जे साधले नाही, त्याची कारणे एका सामन्यापुरती किंवा एका खेळाडूपुरती मर्यादित नाहीत. छेत्री यांच्या २० वर्षांच्या कारकिर्दीकडे पाहिले असता ती अधिक स्पष्ट होतात.

क्वेट्टा ते दिल्ली

छेत्री यांचा जन्म ३ ऑगस्ट १९८४ रोजी सिकंदराबाद येथे झाला. वडील भारतीय सैन्यात होते, तर आई नेपाळच्या महिला फुटबॉल संघातून खेळलेल्या. वडिलांच्या बदल्यांमुळे त्यांचे बालपण निरनिराळ्या गावांत गेले आणि फुटबॉलची खरी सुरुवात दिल्लीत झाली. तेथील सिटी क्लबकडून खेळताना त्यांनी लक्ष वेधून घेतले आणि २००२ मध्ये कोलकात्याच्या मोहन बागान या नामवंत संघाने त्यांना करारबद्ध केले. २००५ मध्ये ते पंजाबमधील फगवाडा येथील जेसीटी संघात दाखल झाले.

त्याच वर्षी १२ जून रोजी पाकिस्तानातील क्वेट्टा येथे त्यांनी पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला. यजमान पाकिस्तानविरुद्धचा हा सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि भारताचा एकमेव गोल या २० वर्षीय खेळाडूने केला. त्या काळात भारतीय आघाडीची धुरा बायचुंग भुतिया यांच्याकडे होती. छेत्री यांना सुरुवातीची काही वर्षे त्यांच्या साथीने खेळता आले आणि एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जबाबदारी सोपविली जाण्यास पुरेसा अवधी मिळाला. पुढे छेत्री यांच्या बाबतीत नेमके हेच घडू शकले नाही.

१३ ऑगस्ट २००८ रोजी दिल्लीच्या आंबेडकर मैदानावर झालेला एएफसी चॅलेंज चषकाचा अंतिम सामना त्यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाचा टप्पा ठरला. ताजिकिस्तानविरुद्ध भारताने ४-१ असा विजय मिळविला. त्यातील ३ गोल छेत्री यांचे आणि एक भुतिया यांचा होता. या विजयामुळे भारताला २०११ च्या आशियाई चषक स्पर्धेत थेट प्रवेश मिळाला. त्याआधी भारत या स्पर्धेत १९८४ मध्ये, म्हणजे छेत्री यांचा जन्म झाला त्या वर्षी खेळला होता.

परदेशातील प्रयत्न

युरोप वा अमेरिकेत स्थान मिळविण्याचा प्रयत्न छेत्री यांनी एकाहून अधिक वेळा केला. २००९ मध्ये इंग्लंडमधील क्वीन्स पार्क रेंजर्स संघाशी बोलणी झाली होती. तथापि फिफाच्या क्रमवारीत पहिल्या ७० देशांमध्ये भारताचे स्थान नसल्याने ब्रिटनमध्ये खेळण्याचा परवाना मिळू शकला नाही. खेळाडूची गुणवत्ता काहीही असो, त्याच्या देशाचे स्थान त्याच्या आड येते, याचा हा बोलका अनुभव होता.

२०१० मध्ये ते अमेरिकेतील कॅन्सस सिटी विझार्ड्स संघात गेले. २०१२ मध्ये पोर्तुगालमधील स्पोर्टिंग क्लबने त्यांना आपल्या दुसऱ्या संघासाठी करारबद्ध केले. दोन्ही ठिकाणी त्यांच्या वाट्याला मोजकेच सामने आले. मायदेशी परतल्यावर गोव्याच्या चर्चिल ब्रदर्स संघाकडून खेळताना त्यांनी २०१२-१३ च्या आय-लीग विजेतेपदात सहभाग घेतला. त्याआधी २००९-१० मध्ये ते गोव्याच्याच धेंपो संघात होते.

२०१३ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या बेंगळुरू एफसी संघात ते दाखल झाले आणि त्यांच्या क्लब कारकिर्दीला स्थैर्य लाभले. या संघाने पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकली. त्यानंतर २०१५-१६ ची आय-लीग, २०१८-१९ ची इंडियन सुपर लीग आणि २०२२ चा ड्युरँड चषकही या संघाने मिळविला. २०१६ मध्ये तो एएफसी चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. तेथवर मजल मारणारा हा पहिला भारतीय संघ होता.

आकडे काय सांगतात

छेत्री यांच्या नावावर ९५ आंतरराष्ट्रीय गोल आहेत. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये ख्रिस्तियानो रोनाल्डो, लिओनेल मेस्सी आणि इराणचे अली दाई हे तिघेच त्यांच्या पुढे आहेत. १५० हून अधिक आंतरराष्ट्रीय सामने खेळणारे ते पहिले भारतीय फुटबॉलपटू होत. २०११ मध्ये अर्जुन पुरस्कार, २०१९ मध्ये पद्मश्री आणि २०२१ मध्ये खेलरत्न देऊन त्यांचा गौरव करण्यात आला. खेलरत्न मिळविणारे ते पहिले फुटबॉलपटू ठरले.

या गोलसंख्येवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. छेत्री यांचे अनेक गोल दक्षिण आशियाई शेजारी देशांविरुद्ध आणि क्रमवारीत खाली असलेल्या संघांविरुद्ध आहेत. त्यामुळे मेस्सी वा रोनाल्डो यांच्याशी त्यांची तुलना करणे योग्य नाही, असे काही जाणकारांचे मत आहे. या आक्षेपात तथ्य आहे. मात्र भारत ज्यांच्याशी खेळतो, त्यांच्याविरुद्धच भारतीय खेळाडू गोल करू शकतो, हेही तितकेच खरे. शिवाय प्रतिस्पर्धी तुल्यबळ वा वरचढ असतानाचे आकडे वेगळीच बाजू दाखवितात.

२०११, २०१९ आणि २०२४ च्या प्रारंभी झालेली स्पर्धा अशा ३ आशियाई चषक स्पर्धांत भारत एकूण ९ सामने खेळला. त्यांत भारताचे अवघे ७ गोल झाले आणि त्यांपैकी ४ छेत्री यांचे होते. २०११ मध्ये बहारीन आणि दक्षिण कोरिया यांच्याविरुद्ध त्यांनी प्रत्येकी एक गोल केला, तर ६ जानेवारी २०१९ रोजी अबुधाबीत थायलंडवरील ४-१ अशा विजयात त्यांचे दोन गोल होते. २०२४ मध्ये कतार येथे झालेल्या स्पर्धेत छेत्री यांना गोल करता आला नाही आणि भारताचे खातेही उघडले नाही. ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिन्ही संघांकडून भारत हरला.

संघ एका खेळाडूवर किती विसंबून होता, हे यावरून लक्षात येते. जोवर छेत्री गोल करीत होते, तोवर ही उणीव झाकली गेली. त्यांच्या पायांतील वेग ओसरू लागताच ती उघडी पडली.

निवृत्ती आणि पुनरागमन

छेत्री यांनी १६ मे २०२४ रोजी निवृत्तीची घोषणा केली आणि ६ जून रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर कुवेतविरुद्ध निरोपाचा सामना खेळला. विश्वचषक पात्रता फेरीतील हा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. पाच दिवसांनी कतारकडून १-२ असा पराभव झाल्याने भारत पात्रता फेरीतून बाहेर पडला.

संपूर्ण २०२४ या वर्षात भारत ११ सामने खेळला. त्यांपैकी एकही जिंकता आला नाही आणि सर्व सामने मिळून ४ गोल झाले. त्यांतील एक गोल मार्चमध्ये गुवाहाटी येथे छेत्री यांनी अफगाणिस्तानविरुद्ध पेनल्टीवर केला होता. त्यांच्या निवृत्तीनंतर वर्षअखेरपर्यंत भारताला ३ गोल करता आले आणि त्यांतील एक बचावपटू राहुल भेके यांचा होता.

या पार्श्वभूमीवर तत्कालीन प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी मार्च २०२५ मध्ये छेत्री यांना पुन्हा पाचारण केले. १९ मार्च रोजी शिलाँग येथे मालदीवविरुद्ध भारताने ३-० असा विजय मिळविला आणि छेत्री यांनी आपला ९५ वा गोल नोंदविला. नोव्हेंबर २०२३ नंतरचा भारताचा हा पहिलाच विजय होता. परंतु आशियाई चषक पात्रता फेरीत बांगलादेशाशी बरोबरी, हाँगकाँगकडून पराभव, सिंगापूरशी बरोबरी आणि नंतर फातोर्डा येथील पराभव अशी घसरण झाली. जुलै २०१७ मध्ये फिफा क्रमवारीत ९६ व्या स्थानी असलेला भारत जुलै २०२५ मध्ये १३३ व्या स्थानी पोहोचला होता.

आघाडीपटू घडत का नाहीत

या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग देशांतर्गत स्पर्धांच्या रचनेत आहे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा मैदानावरील ११ खेळाडूंपैकी ६ परदेशी असू शकत होते. २०१७-१८ मध्ये ही संख्या ५ वर आणि २०२१-२२ पासून ४ वर आली. संख्या घटली तरी परदेशी खेळाडू कोणत्या जागी खेळवायचे, हे संघच ठरवितात आणि गोल करण्याची जबाबदारी सहसा त्यांच्यावरच सोपविली जाते. लीगच्या पहिल्या ११ हंगामांत सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूचा 'गोल्डन बूट' एकदाही भारतीयाला मिळाला नाही. स्पेनचे कोरो, नायजेरियाचे ओगबेचे आणि मोरोक्कोचे अलाएद्दीन अजराई हे या यादीतील काही विजेते होत.

परिणामी गोल करण्याची क्षमता असलेला भारतीय तरुण बहुधा मैदानाच्या कडेला, म्हणजे विंगवर सरकविला जातो. लालियानझुआला छांगटे आणि गोव्याचे लिस्टन कुलासो हे विंगवरूनच पुढे आले. मनवीर सिंग राष्ट्रीय संघात मध्यभागी खेळले, पण मोहन बागानमध्ये ते प्रामुख्याने उजव्या बाजूला असत. खुद्द छेत्री यांनाही यातून सूट नव्हती. २०१७-१८ च्या हंगामात बेंगळुरूच्या आघाडीवर व्हेनेझुएलाचे मिकू होते आणि छेत्री डाव्या बाजूने खेळत होते. तरीही त्यांनी त्या हंगामात १४ गोल केले. वर्षभर कडेने खेळणाऱ्या खेळाडूने राष्ट्रीय संघात मात्र गोलजाळ्यासमोर उभे राहून, पाठीवर बचावपटू झेलत, क्षणार्धात निर्णय घ्यावा, अशी अपेक्षा केली जाते. या कामाचा सराव सामन्यातच होतो आणि तोच त्याला मिळत नाही.

परदेशी खेळाडूंमुळे लीगचा दर्जा उंचावला आणि भारतीय खेळाडूंना त्यांच्याकडून शिकता आले, असा युक्तिवाद क्लबांकडून केला जातो. तो चुकीचा नाही. मात्र शिकणारा खेळाडू त्या जागी कधी उभाच राहिला नाही, तर त्या शिकवणीचा लाभ राष्ट्रीय संघाला होत नाही.

दुसरे कारण क्लबांच्या अस्थैर्यात आहे. जेसीटी या संघाने १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, तेव्हा भुतिया त्या संघात होते. पुढे छेत्री यांनाही तेथेच नियमित संधी मिळाली. हा संघ २०११ मध्ये बंद झाला. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने त्याच्या एक वर्ष आधीच मैदान सोडले होते, तर धेंपो आणि साळगावकर हे गोव्याचे संघ २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. विशीतील भारतीय आघाडीपटूला आठवड्यामागून आठवडा खेळविणाऱ्या अशा जागा कमी होत गेल्या. २०२५ मध्ये तर व्यावसायिक हक्कांचा करार रखडल्याने इंडियन सुपर लीगचा नवा हंगामही ठरल्या वेळी सुरू होऊ शकला नाही.

पुढील वाट

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांच्याकडे प्रशिक्षकपद आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने मध्य आशियाई फुटबॉल संघटनेच्या नेशन्स चषकात छेत्री यांच्याविना तिसरे स्थान मिळविले, ही जमेची बाजू होय. तथापि त्या स्पर्धेत ताजिकिस्तानवरील विजयातील दोन्ही गोल अन्वर अली आणि संदेश झिंगन या बचावपटूंचे होते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात जन्मलेले आघाडीपटू रायन विल्यम्स यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले. त्यांच्या आईचे घराणे मुंबईचे आहे. भारतात दुहेरी नागरिकत्वाची तरतूद नसल्याने मूळ पारपत्र सोडण्याची तयारी असलेल्यांनाच हा मार्ग खुला आहे. त्यामुळे यातून एखाद-दुसरा खेळाडू मिळेल, पण आघाडीपटूंची पिढी उभी राहणार नाही. त्यासाठी युवा गटांच्या वर्षभर चालणाऱ्या स्पर्धा आणि लीगमध्ये भारतीय आघाडीपटूंना अधिक वेळ खेळविण्याचे बंधन वा प्रोत्साहन, असे उपाय अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला करावे लागतील. त्याची फळे दिसण्यास काही वर्षे लागतील, हे उघड आहे.

छेत्री यांनी २०२४-२५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये वयाच्या ४० व्या वर्षी १४ गोल केले. त्या हंगामात कोणत्याही भारतीयाला इतके गोल करता आले नाहीत. आहार, विश्रांती आणि व्यायाम यांबाबतची त्यांची काटेकोर शिस्त सर्वश्रुत आहे आणि या यशाचे श्रेय निर्विवादपणे त्यांचे आहे. मात्र चाळिशीतील खेळाडूला त्याच्या निम्म्या वयाचा एकही देशबांधव मागे टाकू शकला नाही, या वस्तुस्थितीचा विचार महासंघाला आणि क्लबांना करावा लागेल. २०२७ ची आशियाई चषक स्पर्धा भारताविना होणार आहे. त्यापुढील पात्रता फेरीसाठी संघबांधणी करताना भारताला प्रथमच छेत्री यांच्या पुनरागमनाची शक्यता हिशेबात न धरता आघाडीपटू शोधावा लागणार आहे.