स्क्रीन मंद होते तेव्हा विंडोज नेमकं काय विचारतं?

तुमसर किंवा साकोलीच्या सेवा केंद्रात पीएम-किसानची ई-केवायसी अंगठ्याने होते. अंगठ्याचं यंत्र चालण्यासाठी संगणकात ‘आरडी सर्व्हिस’ टाकावी लागते. ती टाकताना स्क्रीन मंद होते आणि विंडोज विचारतं, या अ‍ॅपला संगणकात बदल करू द्यायचे का? समोर शेतकऱ्यांची रांग असते. बोट ‘येस’वर जातं.

ही चौकट २००७ साली विंडोज व्हिस्टासोबत आली. ती इतक्यांदा यायची की लोक वैतागले. २००९च्या विंडोज ७मध्ये ती कमी झाली. न वाचता होकार द्यायची सवय मात्र टिकली.

चौकटीत पाहायचं ते प्रकाशकाचं नाव. तिथे ‘अननोन’ असेल तर थांबावं. नाव दिसलं तरी प्रोग्राम कुणाचा एवढंच कळतं, तो चांगला आहे की नाही ते नाही. होकार दिला की त्याला अ‍ॅडमिनचे अधिकार मिळतात. रोजच्या कामाला स्टँडर्ड खातं वापरलं, तर ‘येस’ पुरत नाही, अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो.

पण डेस्कटॉपवर पडून राहिलेले आधार, सातबारा, पासबुकचे स्कॅन? त्याच खात्यात चालणाऱ्या प्रोग्रामला ते वाचायला सहसा ही चौकट आडवी येतच नाही. काम झाल्यावर ते पुसणं केंद्रचालकाच्याच हाती आहे.