झाड तोडणाऱ्याच्या जिवाचे मोल

पावसाळा तोंडावर आला की शहरांत रस्त्याकडेची झाडे छाटण्याची आणि खेड्यांत बांधावरची झाडे विकून टाकण्याची एकच घाई उडते. झाड तोडावयाचे तर परवानगी लागते. त्यासाठी महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे आणि शहरांसाठी १९७५ चा वृक्षांच्या संरक्षणाचा व जतनाचा कायदा आहे. झाड कोणते, कोठे आहे, का तोडावयाचे, हे सारे त्यात विचारले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु ते झाड तोडणार कोण, त्याला ते काम शिकवले आहे काय, तो जायबंदी झाला तर जबाबदार कोण, हे मात्र कोणी विचारत नाही. झाडाची नोंद होते. माणसाची होत नाही.

कुऱ्हाड आणि हातकरवत यांच्या जागी आता साखळी-करवत आली आहे. मजूर तिला नुसते 'मशीन' किंवा 'कटर' म्हणतात. पूर्वी जो बुंधा कापावयास दोन माणसांना कित्येक तास लागत, तो आता काही मिनिटांत आडवा होतो. यंत्राने श्रम वाचवावेत, याला समाजवाद्याचा विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न असा की, वाचलेल्या श्रमाचा लाभ कोणाकडे गेला? काम उक्ते दिले जाते. वेळेची बचत ठेकेदाराच्या आणि वखारवाल्याच्या पदरी पडते. सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने धावणारी धारदार साखळी मात्र मजुराच्या हाती राहते. नफा एकाचा आणि धोका दुसऱ्याचा, ही विभागणी यंत्राने केलेली नाही; ती आपल्या अर्थव्यवस्थेने केली आहे.

अपघात झाला की 'मजुराचा हलगर्जीपणा' हे कारण तत्परतेने पुढे केले जाते. म्हणून हे काम सुरक्षितपणे कसे होते, ते कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. झाड ज्या बाजूस पाडावयाचे त्या बाजूने प्रथम खाच घ्यावी लागते. तिची खोली व्यासाच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी. मग मागच्या बाजूने, खाचेच्या तळापेक्षा किंचित वर काप द्यावयाचा. पण तो आरपार न्यावयाचा नाही. मध्ये व्यासाच्या सुमारे दहाव्या हिश्शाची लाकडाची पट्टी राखावयाची. ही पट्टी बिजागरीसारखी झाडाला धरून ठेवते आणि ठरलेल्या दिशेने खाली आणते. ती कापली गेली की झाडावर कोणाचाच ताबा राहत नाही. मागे तिरक्या दिशेने पळण्याच्या वाटा आधीच मोकळ्या करून ठेवाव्या लागतात, आणि झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसऱ्या माणसाने थांबावयाचे नसते. आपल्याकडे दोर ओढणारी पोरे कोठे उभी असतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगावयास नको.

आडव्या झाडाचे तुकडे करणे सोपे वाटते. तेही तसे नाही. दोन्ही टोकांवर टेकलेल्या ओंडक्याच्या वरच्या अंगाला दाब असतो व खालच्या अंगाला ताण. एक टोक अधांतरी असले की हे उलट होते. दाबाच्या बाजूने आधी थोडे कापावे आणि मग ताणाच्या बाजूने काप पुरा करावा. नाहीतर पाते अडकते किंवा लाकूड फाटून उसळते. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडास टेकला, तर यंत्रच उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या आणि आंब्याच्या बागा झोपवल्या. अशी उन्मळलेली झाडे सर्वांत धोक्याची. कारण खोड कापताच मुळांचा गड्डा मातीसकट खड्ड्यात परत कोसळू शकतो. आणि नेमक्या अशाच वेळी रस्ता मोकळा करण्याच्या घाईत, ज्याच्या हाती यंत्र असेल त्याला पुढे ढकलले जाते.

शिरस्त्राण, जाळीचा पडदा, कानांवरील आवरण, भक्कम बूट आणि साखळी लागताच तिच्यात तंतू गुंतून यंत्र थांबवणारी विजार, ही साधने काही गुपित नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने वनकामातील सुरक्षिततेची आचारसंहिता १९९८ मध्येच प्रसिद्ध केली आहे. तरीही आपला मजूर चपला घालून काम करतो. ज्याला दर झाडामागे पैसे मिळतात, त्याला वाट साफ करण्यात घालवलेला प्रत्येक क्षण आपल्या मजुरीतून कापून द्यावा लागतो. सावधगिरीला दंड आणि घाईला बक्षीस देणारी पद्धत ठेवावयाची आणि वर मजुराला बेसावध म्हणावयाचे, हा कोठला न्याय?

कायद्याची स्थिती काय आहे? २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण तिचा सर्वसाधारण उंबरठा दहा कामगारांचा आहे. झाडतोडीची टोळी चार-पाच जणांची असते. मात्र धोकादायक म्हणून केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या कामांना ही संख्येची अट लागत नाही, अशी तरतूद त्याच संहितेत आहे. यंत्राने होणारी झाडतोड अशा कामांत अधिसूचित करावी, ही आपली पहिली मागणी असली पाहिजे. दुसरी, झाडतोडीच्या प्रत्येक परवानगीत आणि नगरपालिकांच्या प्रत्येक निविदेत प्रशिक्षण, साधने, विमा व रोजंदारी या अटी घालाव्यात. तिसरी, १९६९ च्या माथाडी कायद्याने ठाम मालक नसलेल्या हमालाला मंडळाचा जो आधार दिला, तसा आधार या कामगारालाही मिळावा.

झाडेच तोडू नयेत, मग सुरक्षित तोडीची चर्चा कशाला, असे काही पर्यावरणवादी मित्र म्हणतील. निष्कारण झाडतोडीला आपलाही विरोधच आहे. पण वठलेले, वादळाने पडलेले, घरावर कललेले झाड कोणीतरी उतरवणारच आहे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, अशी आपल्याकडे म्हण आहे. आज ते हत्यार धरणाऱ्यालाच काळ ठरू लागले आहे. वृक्षांसाठी न्यायालयात जाणाऱ्या समाजाने त्या झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाकडेही एकदा पाहावे. या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक तालुक्यातील साथींनी आपल्या भागातील झाडतोड्यांची यादी करावी, त्यांना एकत्र बसवावे आणि त्यांची मागणी नगरपालिकेच्या व तहसीलदाराच्या दारी न्यावी. संघटनेची सुरुवात तेथूनच होईल.