नफा मालकांचा, विष जनतेचे

बंगळूरमधील के. आर. पुरमच्या दक्षिणेस बेळ्ळंदूर व वर्तूर हे तलाव आहेत. २०१७ साली बेळ्ळंदूर तलाव पेटला तेव्हा देश हळहळला; परंतु गाळातील शिसे, कॅडमियम, क्रोमियम जळून नष्ट होत नाहीत. या पाण्यावर पिकणाऱ्या भाजीपाल्यातही जड धातू उतरतात, हे अभ्यासांत आढळले. तोच भाजीपाला श्रमिकांच्या ताटात पडतो.

विज्ञानाकडे उपाय आहे. अपॅटाइट हे फॉस्फेटयुक्त खनिज शिशाला जवळजवळ न विरघळणाऱ्या रूपात बांधते. महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणात सापडणारे झिओलाइट पाण्यातील धातू स्वतःत धरून ठेवते. पण खनिज विषाचा नाश करीत नाही, त्याला केवळ कैद करते. विषाने भरलेले हे खनिज उचलणार कोण? हातमोज्यांविना राबणारा कंत्राटी कामगार? आणि खर्च कोणाचा?

‘प्रदूषण करील त्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच मान्य केले आहे. म्हणून आपली मागणी निःसंदिग्ध हवी: कारखान्याचे सांडपाणी कारखान्यातच शुद्ध व्हावे, तलावशुद्धीचा खर्च प्रदूषण करणाऱ्या मालकांनी सोसावा आणि सफाई करणाऱ्या कामगारांना संरक्षण व कायम नोकरी मिळावी. नफा मालकांचा आणि विष जनतेचे, ही वाटणी कामगारवर्गाने नाकारलीच पाहिजे!