समुद्राची जनसुनावणी कधी?



वणीच्या माणसाने समुद्राबद्दल पत्र लिहिले म्हणून काहींना हसू येईल. पण आम्ही कपाशीला जो युरिया टाकतो, तो बनवणारा थळचा कारखाना उभा राहिला तोच मुंबई हायच्या गॅसवर. १९७४ साली मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रातल्या या क्षेत्रात तेल लागले, त्याचा लाभ आमच्या बांधापर्यंत पोचला. मग त्याची झळ कुणाला बसते, हेही आम्हीच विचारायला हवे.

आमच्याकडे कोळशाची नवी खाण यायची म्हटली की जनसुनावणी होते. मांडव पडतो, पोलीस येतात, निम्मी उत्तरे गोलमाल मिळतात. तरी बोंडावर बसणाऱ्या काळ्या धुळीबद्दल शेतकरी माइकवर बोलतो आणि त्याची नोंद होते. समुद्रातल्या शोधमोहिमांना तेवढेही बंधन उरलेले नाही. १६ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तेल-वायूचे शोधप्रकल्प ‘ब-२’ वर्गात टाकले. या वर्गाला ना पर्यावरण परिणामांचा अहवाल लागतो, ना जनसुनावणी.

‘नुसत्या शोधाने काय बिघडते?’ असे विचारले जाते. शोध घेताना जहाजामागच्या एअरगन काही सेकंदांच्या अंतराने, आठवडेच्या आठवडे पाण्यात धडाके करतात. टास्मानियाजवळच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका एअरगनमुळे सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंतचे प्राणिप्लवक मेलेले आढळले. माशांची पिल्ले वाढतात ती याच प्लवकांवर. डॉल्फिन तर वाट आणि भक्ष्य दोन्ही कानांनीच शोधतात. पुढे विहीर खणली की तिचा गाळ आणि चुरा तळावरच्या जिवांवर बसतो.

हे खरे, की २०१० साली मुंबईजवळ तेल सांडले ते ‘एमएससी चित्रा’ या मालवाहू जहाजातून, विहिरीतून नव्हे. देशातले तेल काढले नाही तर बाहेरून आणणारे टँकर वाढतील, हेही मान्य. पण १९९३ साली मुंबई हायहून उरणला येणारी तेलवाहिनी फुटलीच होती. विहिरी बंद करा असे माझे म्हणणे नाही. खणण्याआधी विचारा, एवढेच म्हणणे आहे.

शोधप्रकल्पांची ही सूट रद्द करावी आणि सुनावणी मच्छीमारांच्या बंदरात, मासेमारीचा हंगाम टाळून घ्यावी. पावसाळ्यात किनाऱ्याला लागणाऱ्या डांबरगोळ्यांच्या रासायनिक तपासणीतून ते तेल कुठले, हे कळू शकते. ती तपासणी दरवर्षी व्हावी आणि निष्कर्ष जाहीर व्हावेत.

अतिवृष्टी झाली की आमच्या शेताचा पंचनामा होतो, उशिरा का होईना. पापलेटला २०२३ मध्ये राज्य माशाचा मान मिळाला, पण त्याच्या नावावर सातबारा नाही. त्याच्या वतीने बोलायला सातपाटीच्या कोळ्यापुढे निदान माइक तरी ठेवा.

– एक कापूस उत्पादक वाचक, वणी (जि. यवतमाळ)