आजोबांची फियाट रोज धावेल का?

मित्रांनो, 'पाना-पक्कड'च्या टपालात या वेळी साताऱ्याहून एक पत्र आलंय. पाठवणारी सातवीत आहे. तिच्या घराच्या पडवीत आजोबांची १९६८ सालची फियाट उभी आहे. बाबांना ती रोज कामावर न्यायची आहे, पावसाळ्यातसुद्धा. त्यासाठी जुनं इंजिन काढून दुप्पट ताकदीचं नवं बसवायचा त्यांचा बेत आहे. आजोबा म्हणतात, "एक नटही बदलायचा नाही!" झालं, दोघांचं बोलणं बंद. आणि आमच्या या मैत्रिणीला त्याच गाडीतून शाळेत जायचंय. ती विचारते, बरोबर कोण?

तर ऐका. रोज रस्त्यावर आणायची असेल तर गाडीत बदल करावेच लागतील, इथे आजोबांना थोडं नमावं लागेल. पण बदलाची सुरुवात इंजिनापासून करायची नाही. ती करायची ब्रेकपासून. इथे बाबांनी थांबायचं!

आधी गाडीची ओळख करून घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्या तयार होऊ लागल्या. पत्रातली गाडी म्हणजे 'फियाट ११०० डिलाइट'. हीच पुढे 'प्रीमिअर पद्मिनी' झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटलं की आईबाबांच्या डोळ्यांसमोर जी येते ना, तीच ही. त्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ, पुढे बाकासारखी सलग सीट, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक.

आता हा ड्रम ब्रेक नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे. चाकाबरोबर फिरणारा एक लोखंडी डबा असतो, तो ड्रम. त्याच्या आत कमानीसारख्या दोन पट्ट्या असतात, त्यांना ब्रेक शू म्हणतात. तुम्ही पायाने पेडल दाबलंत की नळ्यांतलं तेल त्या पट्ट्यांना बाहेर ढकलतं. त्या डब्याच्या आतल्या बाजूला घासतात आणि चाक थांबतं. शहरात हे झकास चालतं. पण खंबाटकीचा घाट उतरताना सारखा ब्रेक दाबत राहिलात तर ड्रम तापतो. तापला की धातू प्रसरण पावतो, म्हणजे डबा मोठा होतो आणि पट्ट्यांपासून लांब जातो. पट्ट्यांवरचं लायनरही तापलं की पकड सोडतं. पेडल खाली खाली जातं आणि गाडी थांबायला तयार नसते. पावसात डब्यात पाणी शिरलं तरी पहिले दोन-तीन ब्रेक पोकळच लागतात.

डिस्क ब्रेकमध्ये डबाच नाही. चाकाबरोबर उघडी चकती फिरते आणि दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटीत धरतात. चकती वाऱ्यावर निवते, पाणी फिरता फिरता उडून जातं. गंमत म्हणजे फियाटनेच इटलीत १९६६ साली याच घराण्यातल्या '११०० आर' गाडीला पुढच्या चाकांना डिस्क दिल्या होत्या. तेव्हा हा बदल म्हणजे गाडीच्या घराण्याला बट्टा लावणं नव्हे, हे आजोबांना जरूर सांगा!

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. तुमच्या सायकलला दोन ब्रेक असतात आणि दोघांच्या तारा वेगळ्या. एक तार तुटली तरी दुसरी असते. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना तेल पुरवणारा मार्ग एकच असे. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले! नव्या गाड्यांत मास्टर सिलिंडर जोडीचा असतो, तेलाचे मार्ग दोन. आधी हा बसवायचा, मग डिस्क. आणि डिस्क बसवताना जुना मास्टर सिलिंडर तसाच ठेवायचा नाही. कारण ड्रमसाठी बनवलेल्या पुष्कळ सिलिंडरांत नळ्यांमध्ये थोडा दाब कायम राहील अशी सोय असते. तो दाब डिस्कच्या पॅडना सोडत नाही, पॅड घासत राहतात आणि चाक तापतं. शिवाय पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण जुळवावं लागतं, नाहीतर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरते. हे काम जाणत्या मेकॅनिकचंच, हौशी माणसाचं नाही.

आता बाबांच्या इंजिनाकडे वळू. नववीच्या दादा-ताईला गतिज ऊर्जेचं सूत्र विचारा. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीपेक्षा ८०ने जाणारी थांबवायला ब्रेकना चौपट काम पडतं. गाडीचं वजन साधारण ९०० किलो. ते आवरण्याचा भरवसा नसताना ताकद वाढवायची, म्हणजे वळू दावणीला बांधायच्या आधीच त्याला खुराक द्यायचा! आणि इंजिन एकटं येत नाही. जास्त ताकद आली की क्लच, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, रेडिएटर, एकेकजण कुरकुरायला लागतो. मला विचाराल तर तब्येतीत असलेलं ४० अश्वशक्तीचं इंजिन सातारा शहराला भरपूर आहे.

कायदाही आहेच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदवलेला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. म्हणून इंजिनाला हात लावण्यापूर्वी आरटीओत विचारायचं. ब्रेकच्या कामाआधीही विचारलेलं बरं, आणि विमा कंपनीला कळवायचं. दुसरी गोष्ट आजोबांसाठी. २०२१ साली सरकारने ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणी आणली. पण अशी नोंदणी केली की ती गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, इतकंच. म्हणजे मखरात बसवायची की रोज फिरवायची, हे आधी घरात ठरवा. रोज फिरवायची तर साधी नोंदणीच हवी आणि ती वेळच्या वेळी नूतनीकरण केलेली हवी.

ब्रेकनंतर वीज. जुन्या फियाटमध्ये वीज तयार करतो डायनमो. इंजिन हळू फिरत असलं की तो जवळपास झोपतोच. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. जुलैचा पाऊस, संध्याकाळ, सिग्नलला गाडी उभी, दिवे चालू, वायपर चालू. ५५ वॉटचे दोन दिवे, म्हणजे ११० वॉट. बारा व्होल्टला भागा, नऊ अँपिअरहून जास्त झाले, आणि वायपर अजून धरलाच नाही! हे सगळं बॅटरीतून जातं आणि ऑफिस सुटल्यावर बाबा गाडीला धक्का मारतात. अल्टरनेटर इंजिन हळू चालू असतानाही वीज देतो. तो बसवला की निम्मी चिंता गेली. मात्र दिव्यांना रिले लावायचे, म्हणजे सगळा करंट जुन्या स्विचमधून जाणार नाही. आणि पन्नास वर्षांच्या वायरींचं आवरण तडकलेलं असतं, ते तपासल्याशिवाय वायरमनला पुढे जाऊ देऊ नका. त्यातून आग लागते.

इंजिनात ठिणगी पाडणारे 'पॉइंट' काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवता येतं. दमट हवेत सकाळी गाडी लवकर चालू होते. उन्हाळ्यासाठी रेडिएटरला विजेचा पंखा लावायचा. पट्ट्यावरचा पंखा इंजिनाच्या वेगाने फिरतो, म्हणजे गर्दीत गाडी रांगत असताना, नेमकी गरज असते तेव्हाच, तो मंद! टायर रेडियल घ्यायचे, चारही एकदम.

पेट्रोलचं काय? २०२५ पासून आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या पद्धतीचं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं, आणि पाइपमधून पेट्रोल गळू लागतं. म्हणून पेट्रोलचे सगळे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे हवेत. कार्बोरेटरचा जेटही थोडा मोठा लागू शकतो, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो.

आणि या सगळ्याच्याही आधी एक काम. टॉर्च घेऊन गाडीखाली डोकवा. या गाडीला वेगळा सांगाडा नाही, तळाचा पत्रा हाच तिचा कणा. तो गंजून भुगा झाला असेल तर वर लिहिलेलं सगळं व्यर्थ. सीटबेल्टचे बोल्टसुद्धा याच पत्र्यात, मागे जाड लोखंडी पट्टी देऊन बसवायचे असतात. पत्रा कच्चा असेल तर बेल्ट नुसता शोभेला. सातवीतल्या मुलीने बेल्ट असल्याशिवाय त्या बाकड्यावर बसायचं नाही, पुढे नाही आणि मागेही नाही. मांडीवर तर कुणालाच घ्यायचं नाही.

काढलेला प्रत्येक सुटा भाग, डायनमो, पॉइंट, मास्टर सिलिंडर, तेल लावून, कागदात गुंडाळून, नाव-तारीख लिहून खोक्यात ठेवायचा. बॉडी कुठेही कापायची नाही. मग पुढे कधी वाटलं तर गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येईल. हे खोकं आजोबांच्या ताब्यात द्या. अबोला मिटायला उपयोग होईल असं मला वाटतं.

आणि हो, स्टिअरिंगजवळचा गिअर हलवून खाली आणायचा बेत असेल तर मात्र माझी सक्त हरकत आहे! तो दांडा आडवा-उभा कसा चालतो, याचं चित्र पुढच्या अंकात.