महिका गौर आणि आपल्या मुली

आपल्या मुलामुलींच्या परीक्षांतील यशाची नोंद स्मरणिकेच्या पानांवर दरवर्षी अभिमानाने केली जाते, आणि ती केलीच पाहिजे. शिक्षणाच्या बळावरच आपण अरबी समुद्र ओलांडून रास अल खैमासारख्या ठिकाणी येऊन स्थिरावलो. परंतु गुणपत्रिकेबाहेरही एक कर्तृत्व असते, आणि मुलींच्या बाबतीत त्याकडे आपले दुर्लक्ष होते. म्हणून यंदाच्या संपादकीयासाठी एका खेळाडू मुलीची वाटचाल निवडली आहे.

महिका गौर हिचा जन्म ९ मार्च २००६ रोजी इंग्लंडमधील रेडिंग येथे, भारतीय वंशाच्या कुटुंबात झाला. तिच्या बालपणाचा मोठा काळ अमिरातीत गेला. जानेवारी २०१९ मध्ये बँकॉक येथे इंडोनेशियाविरुद्ध ती संयुक्त अरब अमिरातीच्या महिला संघातून प्रथम मैदानात उतरली, तेव्हा तिला तेरावे वर्षही पुरे झाले नव्हते. डावखुरी जलदगती गोलंदाजी आणि सहा फुटांहून अधिक उंची ही तिची वैशिष्ट्ये. जानेवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मुलींचा एकोणीस वर्षांखालील पहिला विश्वचषक झाला, त्यातही ती अमिरातीकडून खेळली. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला श्रीलंकेविरुद्ध तिने इंग्लंडच्या संघात पदार्पण केले आणि पुढच्याच महिन्यात आपल्या पहिल्या एकदिवसीय सामन्यात २६ धावांत ३ बळी घेतले. सतराव्या वर्षी तिच्या नावावर दोन देशांचे क्रिकेट जमा झाले होते.

जी मुलगी इथेच राहिली, तिची गोष्टही तितकीच बोलकी आहे. मुंबईत जन्मलेली ईशा ओझा अमिरातीत वाढली, संघाची कर्णधार झाली आणि २०२४ या वर्षासाठी आयसीसीने तिला सहयोगी देशांतील सर्वोत्तम महिला खेळाडूचा सन्मान दिला. मे २०२५ मध्ये बँकॉकला कतारविरुद्ध तिने ५५ चेंडूंत ११३ धावा केल्या. १६ षटकांत बिनबाद १९२ धावा झालेल्या आणि पावसाचे सावट होते. वीस षटकांच्या खेळात डाव घोषित करता येत नाही. म्हणून अमिरातीच्या दहाही फलंदाज एकामागून एक निवृत्त झाल्या आणि कतारचा डाव २९ धावांत आटोपला. त्याच महिन्यात अमिरातीच्या महिला संघाला एकदिवसीय सामन्यांचा दर्जाही मिळाला.

या संघातील बहुतेक मुली आपल्यासारख्याच घरांतून आलेल्या आहेत. वडिलांच्या वा आईच्या नोकरीच्या व्हिसावर ज्यांचा इथला मुक्काम अवलंबून असतो, अशा भारतीय, पाकिस्तानी, श्रीलंकन कुटुंबांच्या त्या लेकी. इथे जन्मून नागरिकत्व मिळत नाही, हे आपण जाणतो. तथापि आयसीसीच्या नियमानुसार तीन वर्षांचे सलग वास्तव्य असेल, तर त्या देशाकडून खेळता येते. जिथे मतदानाचा हक्क नाही, तिथे देशाचे बोधचिन्ह छातीवर लावण्याचा मान या मुलींनी आपल्या गुणांवर मिळवला.

क्रिकेटच्या मैदानावरचा मान आपल्या समाजाला किती उशिरा मिळाला, याचा येथे विसर पडू नये. चर्मकार समाजात जन्मलेल्या पळवणकर बाळू यांनी पुण्याच्या जिमखान्यावर खेळपट्टीची देखभाल करता करता गोलंदाजी सिद्ध केली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. त्यांच्या चेंडूवर सामने जिंकणारे सहकारी चहाच्या वेळी मात्र त्यांना मातीच्या भांड्यात, तेही बाहेर, चहा देत. हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, तरी त्यांच्या खेळाविषयी बाबासाहेबांना आदर होता. त्या काळी मुंबईत संघच धर्माधर्मांनुसार उभे राहत. आज इथे भिन्न धर्मांच्या व देशांच्या मुली एकाच संघात खेळतात. बाळूंपुढे दार दुसऱ्यांनी लावले होते. आपल्या मुलींपुढे ते पुष्कळदा आपणच लावतो.

वैद्यकीय व्यवसायात असल्याने हे दार कोणत्या वयात लागते, ते रोज पाहतो. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली, की "आता पुरे झाले खेळणे" असे घरात म्हटले जाते. नेमक्या याच वयात तिची हाडे सर्वांत वेगाने घडत असतात. मुलीच्या अस्थिसंचयाचा सुमारे नव्वद टक्के भाग अठरा वर्षांपर्यंत तयार होतो आणि पुढे आयुष्यभर त्याच शिलकीवर निभवावे लागते. धावणे, उडी मारणे, चेंडू टाकणे यांनी ती शिलक वाढते. वातानुकूलित घर, वातानुकूलित बस आणि वातानुकूलित वर्ग यांतच दिवस गेला, तर लख्ख उन्हाच्या या देशातही ड जीवनसत्त्वाची कमतरता होते. पाळी सुरू झाल्यावर लोहाची गरज वाढते, आणि मुलीचा थकवा आपण आळस समजतो.

याचा अर्थ मुलीला बाराव्या वर्षी जगापुढे उभे करावे, असा मुळीच नाही. उंची झपाट्याने वाढत असताना जलदगती गोलंदाजीचा अतिरेक झाला, तर कमरेच्या मणक्याला सूक्ष्म तडा जाऊ शकतो. २०२० मध्ये आयसीसीने आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी किमान वय पंधरा ठरवले. विशेष परवानगीशिवाय महिकासारखे पदार्पण आज होऊ शकणार नाही. हा नियम योग्यच आहे. चेंडू मोजून टाकावेत, विश्रांतीचा दिवस पाळावा, दुखणे लपवू नये. पालकांची हौस मुलीच्या शरीरावर लादली जाऊ नये.

अडचणी खऱ्या आहेत. चांगले प्रशिक्षण दुबईत, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटरवर. वडील सिरॅमिक वा सिमेंटच्या कारखान्यात पाळीवर, आई गाडी चालवत नाही, आणि शुल्क परवडणारे नाही. एकेकट्या कुटुंबाने हे ओझे उचलणे कठीण आहे. पण चार कुटुंबांनी एक गाडी आळीपाळीने नेणे अशक्य नाही. मंडळांच्या वार्षिक सामन्यांत पुरुषांचे संघ उतरतात आणि स्त्रिया जेवणाची व्यवस्था पाहतात. त्याच मैदानावर सकाळचे दोन तास मुलींच्या सामन्यासाठी राखून ठेवावेत, आणि शिष्यवृत्तीच्या निधीतील एक वाटा खेळणाऱ्या मुलीच्या प्रवासखर्चासाठी बाजूला काढावा, अशी आमची सूचना आहे.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला नमवून विश्वचषक जिंकला, तेव्हा आपण घरोघरी टाळ्या वाजवल्या. आपल्या सर्वच मुली काही महिका वा ईशा होणार नाहीत. बहुतेक जणी डॉक्टर, शिक्षिका, अभियंता होतील, आणि ते उत्तमच आहे. पण ज्या मुलीने दहा जणींबरोबर हरणे आणि जिंकणे अनुभवले आहे, ती पुढे कोणत्याही कार्यालयात मान खाली घालून उभी राहणार नाही. तेरा वर्षांच्या मुलीच्या हातातून बॅट काढून घेण्यापूर्वी प्रत्येक घराने याचा विचार करावा, एवढीच विनंती.