परसांतील शेजारीण

मृगाच्या सरी पडून गेल्या, कीं परसांतून ‘साप! साप!’ अशी हांक येते. पुरुषमंडळी काठ्या घेऊन धांवतात, आणि पुष्कळदां बळी जातो तो बिचाऱ्या धामणीचा. श्रावणांत पाटावर गंधाचा नाग काढून त्यास दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखविणारीं माणसें तीं हींच!

धामण अंगानें थोराड. पांच-सहा फूट लांबी नेहमींची, क्वचित् आठ फुटांवरही जाते. रंग पिवळसर, तपकिरी किंवा काळसर. शेपटीकडे काळ्या पट्ट्यांची जाळी, ओठांच्या खवल्यांवर उभ्या काळ्या रेघा, डोळे मोठे व वाटोळे. फणा तिला मुळींच नाहीं. तरी कोंडींत सांपडली, कीं गळा फुगवून ती असा घुमा आवाज काढते, कीं पाहणारा तिला नागच समजतो. शत्रूस भिववून पळावयास सवड मिळावी म्हणून केलेलें हें सोंग; माणसापुढें मात्र तेंच तिच्या जिवावर बेततें.

गाईच्या पायांना विळखा घालून धामण दूध पिते, असें आपण आजीपासून ऐकत आलों. पण सापास चोखावयास मऊ ओठ नाहींत. दांत मात्र सुईसारखे, आंत वळलेले. ते सडास लागल्यावर गाय स्वस्थ उभी राहील काय? दूध आटलें, तर आधीं वासराचें दावें तपासावें! धामण गोठ्यांत येते ती कडब्यांतल्या उंदरांसाठीं. बेडूक, सरडे, पाखरेंही ती सोडीत नाहीं. पण धान्य राखणाऱ्या गृहिणीस महत्त्वाचा तो उंदीरच. मांजर बिळाच्या तोंडाशीं टपून बसतें. धामण आंत शिरून पिलांचाही फडशा पाडते. तिला विष नाहीं. भक्ष्य जबड्यांत धरून, अंगाच्या भारानें जमिनीशीं दाबून ती गिळते. ती दिवसा फिरते, म्हणून अधिक दृष्टीस पडते आणि अधिक मारली जाते.

दोन धामणी एकमेकींस वेढून अर्ध्या उभ्या राहिलेल्या दिसल्या, तर लोक तें नाग-धामणीचें मीलन समजून त्यांवर नवें वस्त्र टाकतात. वस्तुतः ते दोघेही नर असून त्यांची कुस्ती चाललेली असते!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं धामण मारणें हा आज गुन्हा आहे. साप दिसल्यास मुलांना दूर घ्यावें व जाणत्या सर्पमित्रास बोलवावें. रेघा पाहावयास जवळ जाऊं नये. दंश झालाच, तर तो बिनविषारी कीं विषारी हें घरीं न ठरवितां थेट रुग्णालय गांठावें.